पेटीत मावणारं संगीत

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरीचा माग चालू असताना मान वर केली की जकार्ड दिसतं. मागाच्या डोक्यावर बसवलेल्या या यंत्रातून भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ एकेक पत्त्याने पुढे सरकते. एक पत्ता म्हणजे आडव्या धाग्याची एक फेक. भोक असेल तिथे सुई आत जाते आणि उभा धागा वर उचलला जातो; भोक नसेल तिथे धागा खालीच राहतो. चादरीवरचा मोर, कमळ, काठावरची वेल हे सगळं त्या माळेत साठवलेलं असतं. फ्रान्समधल्या ल्यों शहरात जोसेफ मारी जकार्डने १८०४ मध्ये हे यंत्र उभं केलं. ज्या सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्या चादरीची नक्षी याच यंत्रातून उतरते.

या पुठ्ठ्याची दुसरी पिढी संगीतात जन्माला आली. पॅरिसच्या गाव्हिओली या ऑर्गन बनवणाऱ्या घराण्याने १८९२ मध्ये जकार्डचं तत्त्व उचललं. जत्रेत वाजणाऱ्या ऑर्गनमध्ये त्यांनी भोकं पाडलेला, घड्यांचा लांबलचक पुठ्ठा सोडला आणि भोकांच्या हुकमाने सूर वाजू लागले. पाठोपाठ कागदाच्या गुंडाळीवर चालणारे पियानो आले. आज एफएल स्टुडिओ किंवा क्यूबेससारखं संगीताचं सॉफ्टवेअर उघडलं की काळ आडवा आणि सूर उभे मांडलेली जी चौकट समोर येते, तिचं मूळ त्या गुंडाळीत आहे. मोराचं पीस आणि सनईची ओळ एकाच रीतीने नोंदवता येते, ही गोष्ट विणकरांच्या शहरात लगेच पटावी.

पण पुढे दोन धंद्यांनी दोन वाटा धरल्या. कापडाच्या धंद्यात नक्षी काढणं आणि विणणं ही कामं वेगळी झाली. इलेक्ट्रॉनिक जकार्ड असलेल्या कारखान्यात नक्षी ऑफिसातल्या पीसीवर तयार होते, तिची फाइल मागाच्या कंट्रोलरकडे जाते आणि माग विणतो. संगीतात गेल्या काही वर्षांत नेमकं उलट घडलं. रचना, रेकॉर्डिंग, मिक्सिंग आणि मंचावरचं वादन ही सगळी कामं संगणकाशिवाय एकाच पेटीत व्हावीत, असा कंपन्यांचा प्रयत्न आहे. या पेट्यांना स्टँडअलोन म्हणतात. त्या काय करतात आणि कुठे थांबतात, हा या पुस्तकाचा विषय. मराठीत या यंत्रांबद्दल जे बोललं जातं ते बहुतेक दुकानाच्या काउंटरवर, आणि तिथे थांबण्याच्या जागा कोणी दाखवत नाही.

सुरुवातीला तर पेटीच होती, संगणक नंतर आला. रॉजर लिनने १९८० मध्ये एलएम-१ हे ड्रमचे खरे रेकॉर्ड केलेले ठोके वाजवणारं यंत्र बाजारात आणलं. १९८७ मध्ये ई-म्यू कंपनीचं एसपी-१२०० आलं. त्यात जेमतेम दहा सेकंदांचा आवाज मावत असे. मग न्यूयॉर्कच्या हिप-हॉप निर्मात्यांनी शक्कल लढवली: तबकडी जास्त वेगाने फिरवून आवाज आत घ्यायचा आणि यंत्रात त्याची पट्टी उतरवून तो पुन्हा मूळ वेगावर आणायचा. जागा वाचली, आवाज मात्र खरखरीत झाला. तीच खरखर त्या काळच्या हिप-हॉपची ओळख ठरली. १९८८ मध्ये लिननेच अकाई कंपनीसाठी एमपीसी-६० तयार केलं, चार ओळींत चार-चार असे सोळा रबरी पॅड असलेलं. आजच्या बहुतेक बीट बनवणाऱ्या यंत्रांवर ती मांडणी कायम आहे.

मर्यादेतून शैली जन्मते, असं या इतिहासावरून सांगितलं जातं. ते खरं आहे. पण ज्या मर्यादेतून न्यूयॉर्कचं संगीत उभं राहिलं तीच मर्यादा मराठी गाण्याला मानवेल, असं त्यातून निघत नाही. ते समजण्यासाठी आधी मुंबईतलं एक उदाहरण पाहायला हवं.

हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये एचएमव्हीसाठी एक ध्वनिमुद्रिका केली. 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' या नावाने ती ओळखली जाते. साधनं तीन, तिन्ही रोलंड कंपनीची: टीआर-८०८ हे तालयंत्र, टीबी-३०३ हे बासचं यंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. भैरव, ललित, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग त्यांनी डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. तेव्हा ती मुद्रिका फारशी कोणी घेतली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभरचे जाणकार चकित झाले, कारण शिकागोच्या अ‍ॅसिड हाउस संगीताचा आवाज त्या संगीताच्या काही वर्षं आधी मुंबईत वाजून गेला होता. ही थोर कामगिरी आहे. तरीही कान देऊन ऐकल्यावर एक गोष्ट लक्षात येते. टीबी-३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर सरकण्याची सोय आहे, पण त्या सरकण्याला लागणारा वेळ ठरलेला आहे. सूर जवळचा असो की लांबचा, यंत्र तेवढ्याच वेळात पोचतं. मींड अशी चालत नाही. ती कुठे रेंगाळायची, कोणत्या श्रुतीला स्पर्श करून पुढे जायचं, हे गायक ठरवतो आणि राग त्यातच राहतो. चरणजित सिंग यांनी ही उणीव ओळखूनच रागाचा सांगाडा आणि चाल यांवर भर दिलेला दिसतो. पेटीला जे जमतं ते तिच्याकडून घेतलं आणि बाकीचं सोडलं. मर्यादा ओळखून काम करणं म्हणतात ते हे.

आजच्या पेट्या त्या पेट्यांपेक्षा कितीतरी पुढे आहेत. अकाईने २०१७ मध्ये एमपीसी लाईव्ह आणि एमपीसी एक्स आणले आणि संगणकाशिवाय चालणाऱ्या यंत्रांचं युग पुन्हा सुरू झालं. २०२० मध्ये एमपीसी वन आणि नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सचं माशिना प्लस आलं. २०२३ च्या मे महिन्यात एबलटनचं पुश ३ आलं. यांच्या आत प्रोसेसर आहे, रॅम आहे, टचस्क्रीन किंवा छोटा पडदा आहे. म्हणजे हे संगणकच आहेत, फक्त कुलूपबंद. पुश ३ वरून हे नीट समजतं. ते दोन रूपांत निघालं. संगणकाला जोडून चालणारं ९९९ डॉलरला आणि स्वतंत्र चालणारं १,९९९ डॉलरला. पॅड तेच, बटणं तीच. वरच्या हजार डॉलरमध्ये मिळतो तो मुख्यतः इंटेलचा आय-३ वर्गाचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २५६ जीबीची डिस्क आणि बॅटरी. सोलापुरातला कोणताही पीसी जोडून देणारा दुकानदार या यादीकडे पाहून सांगेल की एवढ्या पैशात टेबलावर याहून बरंच काही उभं राहतं.

आता आत काय मावतं ते पाहू. एमपीसी वनमध्ये २ जीबी रॅम आहे आणि त्यातूनच यंत्राची स्वतःची व्यवस्थाही चालते. सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ आवाज मिनिटाला सुमारे १० एमबी घेतो. पाच मिनिटांच्या गाण्यात आठ स्टिरिओ ट्रॅक भरले की कमीत कमी ४०० एमबी गेले, आणि अजून एकही सॅम्पल केलेलं वाद्य चढवलेलं नाही. आठ हा आकडाही सहज घेतलेला नाही. या पिढीच्या एमपीसीवर ऑडिओ ट्रॅकची मर्यादाच आठ आहे. मुख्य गायक, दुहेरी आवाज, चार जणांचा कोरस, ढोलकीचे दोन माइक, टाळ, तुणतुणं, हार्मोनियम: साधी भजनी किंवा लावणीची बैठक रेकॉर्ड करायची म्हटलं तरी आठ ट्रॅक पुरत नाहीत. माशिना प्लसमध्ये रॅम ४ जीबी. २०२५ च्या एमपीसी लाईव्ह ३ मध्ये ती ८ जीबीपर्यंत गेली, म्हणजे सुधारणा होते आहे. पण टेबलावरच्या पीसीत १६ जीबी ही आज साधी गोष्ट आहे आणि पुढे वाढवायची असेल तर रॅमची पट्टी बदलायला दहा मिनिटं लागतात.

मेमरीपेक्षा मोठी अडचण दाराची आहे. १९९६ मध्ये स्टाइनबर्ग कंपनीने व्हीएसटी ही पद्धत आणली आणि पुढे कोणीही बनवलेलं वाद्य कोणाच्याही सॉफ्टवेअरमध्ये चालू लागलं. भारतीय वाद्यांसाठी स्वरप्लग निघालं ते याच वाटेने. गाण्यातला एखादा सूर नंतर आलेखावर धरून सरळ करणारं मेलोडाइन वापरता येतं तेही याच वाटेने. माशिना प्लस आणि स्वतंत्र चालणारं पुश ३ ही दोन्ही यंत्रं अशी बाहेरची व्हीएसटी वाद्यं आत घेत नाहीत. एमपीसीतही कंपनीने त्या यंत्रासाठी म्हणून दिलेली वाद्यंच चालतात. कंपनीला ज्या संगीताची बाजारपेठ दिसते ते आत येतं. हिप-हॉप, हाउस, टेक्नो यांचे आवाज ढिगाने मिळतात. संबळ, दिमडी, चौंडकं, हलगी यांची वाट पाहत बसावं लागतं. तांत्रिक तक्त्यात न दिसणारी ही मर्यादा मराठी संगीतकाराला सगळ्यात जास्त नडते, असं या प्रस्तावनेचं ठाम मत आहे.

हलगीचंच पाहा. सोलापूर हे मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारं शहर. पूर्व भागातल्या तेलुगू कुटुंबांचा डप्पू, सीमेपलीकडची कानडी हलगे आणि इकडची हलगी ही एकाच कुळातली वाद्यं. गोल कड्यावर कातडं ताणलेलं, एका हातात बारीक लांब काडी, दुसऱ्या हातात आखूड टिपरू. वाजवण्याआधी हलगी जाळावर धरून तापवतात. कातडं ताणलं जातं, आवाज टणक आणि चढा होतो. वाजवता वाजवता ती पुन्हा उतरते, मग पुन्हा जाळ. पॅडवर ठेवण्यासाठी तिचा ठोका सॅम्पल करायचा तर प्रश्न येतो, कोणता? तापल्यावरचा पहिला, की अर्ध्या तासानंतरचा? काडीचा, टिपरूचा, की दोन्ही मिळून उठणारा? कडेवरचा की मधला? जोर किती? प्रत्येक ठोक्याचे सहा जोर आणि प्रत्येक जोराचे चार नमुने घेतले तरच तो यंत्राचा वाटत नाही. असे पाच ठोके धरले तर नमुने १२० होतात. ही निवडानिवड, कापाकापी आणि नावं देणं सात इंची पडद्यावर करता येतं, पण त्यात दिवस जातो. संगणकावर मोठ्या पडद्यावर लाटेचा आकार दिसतो, माउसने कापता येतं, एका झटक्यात सगळ्यांना नावं देता येतात. अनुभवी माणसं ही तयारी संगणकावर करतात आणि तयार संच पेटीत नेतात. तो मार्ग या पुस्तकात पुढे पायरीपायरीने आला आहे.

लयीचा प्रश्न थोडा वेगळा आहे आणि त्याबद्दल गैरसमज बराच आहे. या यंत्रांना चार-चारचाच हिशोब कळतो, असं म्हणतात. तसं नाही. रूपकाच्या सात मात्रा किंवा झपतालाच्या दहा मात्रा आजच्या यंत्रांत सरळ मांडता येतात. ठोके चौकटीत बसवण्याची सक्ती बंद करून मोकळ्या हाताने वाजवलेलंही जसंच्या तसं ठेवता येतं. जे डिला या निर्मात्याने एमपीसी-३००० वर तसंच वाजवून नाव कमावलं आणि त्याचं ते यंत्र आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. अडचण येते ती चढत्या लयीत. पंढरपूरच्या वाटेवर होणारं भजन संथ ठेक्यात सुरू होतं आणि टाळ-पखवाज हळूहळू वाढत जाऊन शेवटी भरधाव सुटतं. कोणी मोजून वाढवत नाही, सगळे एकमेकांकडे पाहून वाढवतात. अशा जिवंत वादनाच्या मागे जाऊन लयीचा आलेख काढायचा आणि बाकीची वाद्यं त्यावर बसवायची, हे काम संगणकावरच्या सॉफ्टवेअरमध्ये मुरलेलं आहे. पेटीत ते जिकिरीचं होतं.

सुरांची गोष्ट अजून नाजूक. १९८३ पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक वाद्यं मिडी या भाषेत बोलतात. त्या भाषेत सूर म्हणजे शून्य ते १२७ यांतला एक आकडा, आणि सूर वाकवण्याची आज्ञा त्या चॅनेलवरच्या सगळ्या सुरांना एकदम लागू होते. तानपुऱ्यासारखा षड्ज धरून ठेवून वर गंधाराला मींड द्यायला गेलं की एकाच चॅनेलवरचा षड्जही सोबत वाकतो. २०१८ मध्ये एमपीई नावाची सुधारणा मान्य झाली आणि प्रत्येक बोटाला स्वतंत्र वळण मिळालं. पुश ३ चे पॅड ती ओळखतात आणि ही मराठी संगीतासाठी खरोखर आनंदाची बाब आहे. बऱ्याच कीबोर्डांत प्रत्येक पट्टी थोडी वर-खाली करण्याचीही सोय असते. मात्र आरोहात एक आणि अवरोहात दुसरी श्रुती हवी असली की ती सोय अपुरी पडते.

एवढं सगळं वाचून कोणी पेटीला नाव ठेवायचं ठरवलं, तर त्याने गणेशोत्सवाच्या किंवा लग्नाच्या वरातीत बेंजो पार्टीच्या गाडीवर एकदा उभं राहावं. तिथे ऑक्टापॅड असतो. रोलंडने १९८५ मध्ये काढलेल्या पहिल्या ऑक्टापॅडमध्ये स्वतःचा एकही आवाज नव्हता; आठ पॅडवर काठी मारली की जोडलेलं दुसरं यंत्र वाजत असे. नंतरच्या एसपीडी-२० मध्ये शेकडो आवाज भरून आले आणि तो भारतभर पसरला. त्यात बाहेरचा आवाज घालता येत नाही. तरीही वादक आतल्याच आवाजांची पट्टी बदलून, दोन आवाज एकावर एक ठेवून ढोलकी आणि ताशा इतक्या जवळ आणतात की ऐकणारा फसतो. चाळीसच्या वरचं सोलापूरचं ऊन, धूळ, गुलाल, जनरेटरचा चढ-उतार, तासनतास चाललेली मिरवणूक, आणि पॅड वाजतच राहतो. बटण दाबलं की काही क्षणांत तयार. विंडोज अपडेट मागत नाही, अँटिव्हायरस मध्ये येत नाही, ठोका आणि आवाज यांत अंतर पडत नाही. मंचावर लॅपटॉप अडकल्यावर होणारी शांतता ज्याने एकदा अनुभवली आहे, त्याला या विश्वासाची किंमत सांगावी लागत नाही. बॅटरीवर चालणाऱ्या नव्या पेट्यांबद्दल मात्र सावध राहावं: पुश ३ ची बॅटरी एबलटनच्याच सांगण्यानुसार जास्तीत जास्त अडीच तास चालते. मिरवणूक त्याहून लांब असते.

पेटी आणि सॉफ्टवेअर यांतला हा पेच शास्त्रीय गायकांनी आधीच पाहिलेला आहे. बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी राडेल कंपनी सुरू केली आणि तिचे इलेक्ट्रॉनिक तानपुरे, पुढे तालमाला हे तबलायंत्र, घराघरांतल्या रियाजात शिरले. पट्टीसाठी एक खुंटी, लयीसाठी एक, ताल निवडायला एक. पुढे प्रसाद उपासनी यांचं आयतबला प्रो हे अ‍ॅप आलं आणि तानपुरा, तबला, स्वरमंडल सगळं फोनवर खऱ्या वाद्यांच्या आवाजात मिळू लागलं. आवाज आणि सोयी यांत अ‍ॅप उजवं आहे यात वाद नाही. तरी पेटी हद्दपार झाली नाही. रियाजाच्या मध्येच तिच्यावर फोन येत नाही, आणि डोळे मिटूनही तिची खुंटी फिरवता येते.

संगणकाकडेही दुखणी आहेत आणि ती पुढच्या पानांत लपवलेली नाहीत. २०१९ मध्ये मॅकच्या कॅटलिना आवृत्तीने ३२ बिटची जुनी सॉफ्टवेअर बंद केली आणि अनेकांची विकत घेतलेली वाद्यं एका रात्रीत मुकी झाली. १९८८ चं एमपीसी-६० मात्र आजही फ्लॉपी घालून चालू करता येतं. दुसरीकडे, पेटीची टचस्क्रीन गेली तर सुटा भाग मागवून महिनाभर वाट पाहायची वेळ येते, पीसीचा भाग गावातच मिळतो. चोरीचा बाजार हाही एक भाग आहे. अनेक तरुण क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर वापरून शिकतात आणि संगणक फुकट, पेटी महाग असा हिशोब मांडतात. तो हिशोब खोटा आहे. रीपरसारखं पूर्ण सॉफ्टवेअर ६० डॉलरमध्ये घेता येतं आणि त्याआधी ६० दिवस वापरून पाहता येतं. खरी तुलना त्या आकड्याशी व्हायला हवी.

संगीत कुठवर पोचू शकतं याची एक कल्पना असावी म्हणून सोलापूर जिल्ह्यातलंच उदाहरण. जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी करमाळा तालुक्यात चित्रित केलेला 'सैराट' २०१६ च्या एप्रिलमध्ये आला. अजय-अतुल यांनी त्यासाठी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर सिंफनी वाद्यवृंद रेकॉर्ड केला. त्याच चित्रपटातलं 'झिंगाट' पुढे प्रत्येक वरातीत ऑक्टापॅडवर आणि बेंजोवर वाजलं. हॉलिवूडचा वाद्यवृंद, संगणकावरची जुळवणी आणि गल्लीतला पॅड, या तिन्ही जागा एका चित्रपटाच्या संगीताने गाठल्या. यातली कोणतीही एक जागा दुसरीचं काम करू शकली नसती.

म्हणून विकत घेणाऱ्याने स्वतःला विचारायचा प्रश्न साधा आहे: काम कुठे व्हायचं आहे? गाडीवर, मंचावर, वीज नसलेल्या माळावर वाजवायचं असेल तर पेटी घ्यावी आणि तिच्यावर बोटं बसेपर्यंत मेहनत करावी. गाणं रचायचं, गायकाचे वीस टेक घ्यायचे, मिक्स करून निर्मात्याला द्यायचं असेल तर पैसे आधी बऱ्या पीसीत, ऑडिओ इंटरफेसमध्ये आणि एका चांगल्या माइकमध्ये घालावेत. दोन्ही करायचं असेल तर संगणकाला जोडून चालणारं साधं पॅड आधी, स्वतंत्र पेटी नंतर. पेटीतच संपूर्ण स्टुडिओ मिळेल या समजुतीने कर्ज काढून ती घेऊ नये.

पुढची प्रकरणं याच क्रमाने लावली आहेत. पहिल्या भागात मेमरी, ट्रॅक आणि प्लगइन यांचे हिशोब आहेत, प्रत्येक यंत्रासाठी वेगळे. दुसऱ्यात हलगी, संबळ आणि ढोलकी यांचे स्वतःचे सॅम्पल घेण्याची रीत आहे: माइक किती अंतरावर, जाळावर धरल्यापासून किती वेळात रेकॉर्डिंग सुरू करायचं, नावं कशी द्यायची. यंत्रमागाच्या शेडला लागून घर असेल तर खडखडाट टाळून रेकॉर्डिंग कसं करायचं, हेही तिथेच आहे. तिसरा भाग मंचासाठीच्या तयारीचा, आणि त्यातलं पहिलं काम मेमरी कार्डाच्या दोन प्रती काढून त्यांतली एक वेगळ्या माणसाच्या खिशात ठेवण्याचं आहे.